गेटपास

सुपडू अहिरराव, बेड नंबर चार.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला
नाशिकरोडहून पहिल्या रिक्षाने द्वारकेला उतरतात,
तीन जिने चढून येतात दम खात,
डावी बाही आधीच कोपराच्या वर दुमडलेली.
एकतीस वर्षं प्रेसच्या गेटवर काढलेला माणूस:
आत जाताना डबा उघडा,
बाहेर पडताना खिसे उलटे,
साहेब असो की झाडूवाला.

सुई टोचण्याआधी मी फिश्चुलावर स्टेथोस्कोप ठेवते.
रक्ताची सळसळ मी कानाने ऐकते,
ते माझ्या चेहऱ्यावरून.

पुढचे चार तास कुठे घालवायचे?
खिडकीत उड्डाणपूल, त्यावर आग्र्याकडचे ट्रक.
एकदा म्हणाले, अंड्यातलं पिवळं नको म्हणता,
असतं तरी काय त्यात एवढं?
फॉस्फरस, मी म्हटलं.
आणि मग, का कोण जाणे, म्हटलं: कोलीनही.

ते कोण?

कसं सांगू.
इवलासा रेणू, अंगावर कायमचा एक धन भार.
पेशीची भिंत स्निग्ध, तेलाची,
आणि भार असलेल्याला तेल थारा देत नाही.
गंमत बघा काका, ही भिंत ज्या मालाने बांधतात
त्यात हाच कालवलेला असतो,
आणि तीच त्याला बाहेर उभं करते.
म्हणून भिंतीत दारं. प्रथिनांची.
एक बाजू मिटल्याशिवाय दुसरी न उघडणारी.

ते उशीवरून उठायलाच निघाले.
मशीन ओरडलं. मी खांदा दाबला.
'मग हे आमचंच गेट झालं की!'

हो. आणि सगळी सारखी नाहीत.
मज्जातंतूच्या टोकाशी आहे ते सगळ्यात कडक,
सोबत सोडियम असेल तरच सोडतं,
आत गेल्यावर कोलीनचा निरोप होतो:
बोट हलव. पापणी मिट.
आणि मूत्रपिंडाच्या तळाशी, जिथे खारच खार,
तिथल्या पेशी त्याचंच बीटेन करून
तग धरतात,
न आकसता.

तग धरायच्या, असं म्हणायला हवं होतं.
ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग मीच सांगितलं उरलेलं.
मूत्रपिंड थकलं की रक्तात कोलीन साचतं,
आणि तांबड्या पेशींची दारं
नेहमीपेक्षा जोरात चालू लागतात.
का?
पक्कं मला माहीत नाही.

'मना गेटवर हाई चालनं नसतं, बेटा.'

बराच वेळ ट्रक मोजत राहिले.
मग म्हणाले, एकदा चाललं होतं.
रात्रपाळीत भोंगा झाला, आगीचा.
माणसं अंगावर आली लोंढ्यासारखी,
मी दोन्ही फाटकं सताड उघडली.
एकाचाही खिसा बघितला नाही.
भोंगा खोटा निघाला.
सकाळी मोजदाद, एक कागद कमी नाही,
पण मला मेमो मिळाला.
अजून सांगता येत नाही,
चुकलं होतं की तेच बरोबर होतं.

चार तास भरले.
मशीनने पाणी काढलं, युरिया काढला,
थोडं कोलीनही काढलं असेल.
पण दारांना लागलेली घाई मशीनला काढता येत नाही.
दुसऱ्याचं मूत्रपिंड बसलं की ती ओसरते म्हणतात;
काकांचा यादीत नंबर कितवा, मी विचारत नाही.
ते सुईच्या जागी बोळा दाबून धरतात,
दहा मिनिटं, घड्याळाकडे बघत,
एक थेंब बाहेर जाऊ न देता.

शनिवारी दारातच थांबले.
कुणी सांगितलं नसताना डबा उघडून पुढे केला:
उकडलेल्या अंड्याचे दोन पांढरे अर्धगोल,
मधल्या वाट्या रिकाम्या.
'पिवळं घरच्या गेटवर जमा केलं,'
म्हणाले,
'बायकोने पावती दिली नाही.'